कीचकवध : व्यंग्यार्थ, वर्णगर्व आणि दास्याचे शब्द

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहावरून ज्यांना नित्य जावे-यावे लागते, त्यांना ती भिंत एका जुन्या किल्ल्याची आहे हे क्वचितच आठवते. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांच्या व १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला हा किल्ला पुढे तुरुंग झाला. त्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे ह्या तिघांना फाशी देण्यात आली. त्यांची कृती नाशिकची, खटला मुंबईचा आणि शेवट ठाण्याचा. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या २१ डिसेंबर १९०९ रोजी, विजयानंद नाटकगृहात. त्या रात्री रंगमंचावर देवलांचे ‘शारदा’ होते. पुढच्याच महिन्यात मुंबई सरकारने एका नाटकाचे प्रयोग बंद केले. मात्र ते नाटक ‘शारदा’ नव्हे. ते होते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’.

‘शारदे’त राजद्रोहाचा लवलेश नाही, तेव्हा ह्यात नवल वाटण्याजोगे काही नाही असे कोणी म्हणेल. परंतु अक्षरशः पाहू गेल्यास तो ‘कीचकवधा’तही नाही. इंग्रज हा शब्द नाही, हिंदुस्थान हा शब्द नाही, एकही पात्र महाभारताबाहेरच्या राज्यकर्त्याचे नाव घेत नाही. विराटपर्वातील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. अज्ञातवासात पांडव विराटाच्या पदरी वेष पालटून राहिले आहेत. द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेच्या सेवेत आहे. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक तिची अभिलाषा धरतो. राजा दुर्बळ आहे. कंक झालेला युधिष्ठिर धीराचा उपदेश करतो आणि बल्लव झालेला भीम कीचकास ठार मारतो. महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ च्या फेब्रुवारीत ही कथा रंगमंचावर आणली आणि पुढली तीन वर्षे तिचे प्रयोग सरकारच्या डोळ्यांदेखत होत राहिले. मग १९१० मध्ये सरकारने नेमके काय वाचले, आणि कसे वाचले? ह्या प्रश्नाचा विचार नाट्येतिहासकारांनी पुष्कळ केला आहे. प्रस्तुत लेखकाचे शास्त्र भाषेचे असल्यामुळे त्याला ह्या प्रकरणात एक वेगळा दुवा दिसतो. तो मांडावा आणि त्यातून निघालेल्या एका अडचणीचाही निर्देश करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

सरकारपक्षाचे वाचन आपल्याला व्हॅलेंटाइन चिरोल ह्याच्या १९१० मधील ‘इंडियन अनरेस्ट’ ह्या पुस्तकात सापडते. त्यात ह्या नाटकावर वृत्तपत्रातून प्रसिद्ध झालेले एक दीर्घ विवेचन समाविष्ट आहे. त्याचा आशय असा : कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त पक्ष आणि भीम म्हणजे जहाल पक्ष. दुर्बळ विराट म्हणजे विलायतेतील सरकार. त्याने आपल्या प्रतिनिधीस मोकळे रान दिले आणि त्या प्रतिनिधीने देशाचा अपमान केला. सनदशीर उपाय निष्फळ ठरेपर्यंत जहाल थांबतात आणि मग हातघाईवर येतात. कीचकामागून त्याच्या अनुचरांचा जो संहार होतो तो इथल्या गोऱ्या लोकांचा, असेही ह्या टीकाकाराने सुचविले. (ह्याच पुस्तकातील मजकुराबद्दल टिळकांनी चिरोलवर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो गमावला, हे वाचकांना ठाऊक आहेच.)

हे वाचन वाचताना अलंकारशास्त्राच्या अभ्यासकास थोडे हसू येते. जे विवेचन एखाद्या पंडिताने ‘ध्वन्यालोका’च्या आधारे करावे ते येथे एका परकीय टीकाकाराने केले आहे. अभिधा काही सांगत नाही, लक्षणेस वाव नाही, सारा भार व्यंजनेवर आहे. आनंदवर्धनाने ध्वनीचे उदाहरण म्हणून जी प्रसिद्ध प्राकृत गाथा दिली आहे ती आपल्या गोदातीरावरचीच. एक स्त्री भाविक साधूस सांगते की, तू आता निर्धास्तपणे हिंड. तुला त्रास देणारे ते कुत्रे ह्या तीरावरच्या सिंहाने मारले. शब्दांचा अर्थ हिंड असा. कळावयाचे ते हिंडू नकोस असे. मम्मटाने पुढे व्यंग्यार्थाची साधने मोजून दिली : बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वराचा हेलकावा कसा, जवळ तिसरे कोण आहे, प्रसंग कोणता, देश कोणता, काळ कोणता. १९०७ च्या पुण्यात ही सारी साधने हजर होती. बोलणारा ‘केसरी’च्या संपादकवर्गातला. ऐकणारे वंगभंगाच्या चळवळीने तापलेले. जवळचा तिसरा म्हणजे गुप्त पोलीस. ह्याहून अधिक काय हवे?

व्यंग्यार्थाचा एक मोठा गुण असा की तो नाकारता येतो. ग्राइस ह्या तत्त्वज्ञाने १९६७ च्या आपल्या व्याख्यानांत ज्यास सूचितार्थ म्हटले, त्याचे एक लक्षण त्याने हेच दिले : बोलणाऱ्यास आपल्या शब्दांना बाध न आणता सूचित अर्थ मागे घेता येतो. गोदातीरावरची ती स्त्री केव्हाही म्हणू शकते की, मी तर महाराजांना हिंडावयासच सांगितले. खाडिलकरही म्हणू शकत होते की, मी व्यासांची कथा सांगितली. न्यायालयात राजद्रोहाचा खटला भरला असता तर कीचक म्हणजे कर्झन हे सरकारला पुराव्याने शाबीत करावे लागले असते, आणि तसे करताना भरन्यायालयात, सरकारी वकिलाच्या मुखाने, व्हाइसरॉयचे कीचकाशी असलेले साम्य मुद्देसूद मांडावे लागले असते! तो प्रयोग मूळ नाटकाहून रंगतदार झाला असता.

सरकारला ह्या संकटातून सोडविले ते १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने. ह्या कायद्याचा जन्म बंगालचा. दीनबंधू मित्रांचे ‘नीलदर्पण’ १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात निळीचे मळेवाले वुड आणि रोग हे गोरे साहेब उघडउघड पात्रे म्हणून येतात आणि रयतेवर जुलूम करतात. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसृत केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग ह्यांना १८६१ मध्ये एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. पण तो खटला मळेवाल्यांच्या बदनामीचा होता आणि त्यासाठी न्यायाधीश, ज्यूरी, साक्षी, भाषणे असा सगळा देखावा करावा लागला होता. १८७६ च्या कायद्याने ती यातायात संपविली. प्रचलित सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होण्याचा संभव आहे असे सरकारला वाटले की पुरे, प्रयोग बंद. शब्द काय आहेत हा प्रश्नच नाही. प्रेक्षकांच्या मनात काय होण्याचा संभव आहे एवढाच प्रश्न, आणि त्याचे उत्तर देणारेही सरकारच. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ह्या कायद्याने वाच्यार्थाला रजा देऊन व्यंग्यार्थाला थेट प्रतिबंध केला. साहित्यशास्त्रात ध्वनी मान्य होण्यास शतकानुशतके वाद झाले. कायद्यात तो एका कलमाने मान्य झाला. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घ काळ पुस्तकात राहिला आणि २०१८ मध्ये रद्द झाला, हे येथे नोंदवून ठेवावयास हवे.

चिरोलच्या पुस्तकातील वाचन खरे होते काय? माझ्या मते बव्हंशी खरे होते, पण त्यात एक कालविपर्यास आहे आणि तो महत्त्वाचा आहे. १९१० मध्ये बसून युधिष्ठिर-भीमात नेमस्त आणि जहाल पाहताना टीकाकाराच्या डोळ्यांपुढे सुरतेची मोडलेली राष्ट्रसभा, मुझफ्फरपूरचा बाँब आणि नाशिकच्या गोळ्या आहेत. पण सुरतेचा प्रसंग डिसेंबर १९०७ चा, मुझफ्फरपूरचा एप्रिल १९०८ चा. नाटक आधी आले. शिवाय कर्झन तर नोव्हेंबर १९०५ मध्येच देश सोडून गेला होता. म्हणजे खाडिलकरांनी सत्तेवर असलेल्या माणसाच्या वधाची सूचना केली, हा आरोप काळाच्या हिशेबात बसत नाही. मेलेल्या सापाला पुन्हा मारण्यासाठी कोणी पाच अंकी नाटक लिहीत नाही. कर्झन गेला तरी त्याच्या तोंडून निघालेला एक सिद्धांत मागे राहिला होता. नाटकाचा रोख त्या सिद्धांतावर आहे, असे मला वाटते.

तो सिद्धांत वंशाचा होता. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने जात, पंथ वा वंश न पाहता नोकऱ्या देण्याचे अभिवचन दिले होते. १९०४ च्या अर्थसंकल्पावरील आपल्या भाषणात कर्झनने सरळ सांगितले की, सर्वोच्च जागा सामान्यतः इंग्रजांकडेच असावयास हव्यात, कारण राज्य करण्यास लागणारे मनाचे व स्वभावाचे गुण त्यांच्यात काही अंशी आनुवंशिक आहेत, काही अंशी संगोपनाने व शिक्षणाने आलेले आहेत. आणि फेब्रुवारी १९०५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्याने सत्याचे उच्च ध्येय ही मुख्यत्वे पाश्चात्त्य कल्पना असल्याचे विधान केले. त्यावर देशभर संताप उसळला. नोकरी नाकारणे ही एक गोष्ट. राज्य करण्याची पात्रता रक्तात असते आणि ती तुमच्या रक्तात नाही असे सांगणे ही दुसरी. पहिलीविरुद्ध अर्ज करता येतो. दुसरीविरुद्ध कोणता अर्ज करावयाचा?

ह्या संदर्भात एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. ‘कीचकवधा’वर बंदी आली त्याच्या पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९१० मध्ये, हिंदुस्थान सरकारचा मुद्रणविषयक कायदा संमत झाला. तो पुढे आणण्यात हर्बर्ट रिस्ली ह्यांचा वाटा मोठा होता. हेच रिस्ली १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त आणि १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दि पीपल ऑफ इंडिया’ ह्या ग्रंथाचे कर्ते; नाकाच्या मापावरून वंश ठरविण्याच्या आणि त्यावरून जातींची उतरंड समजावून सांगण्याच्या उद्योगामुळे आपल्याकडच्या मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते परिचित आहेत. नाके मोजणारा हात आणि छापखान्यांकडून जामीन मागणारा हात एकच होता. वंशशास्त्र आणि नियंत्रणशास्त्र ही दोन खाती वेगळी आहेत, असे त्या राज्यव्यवस्थेला वाटत नव्हते.

आणि द्रौपदीचे दुसरे नाव कृष्णा. ती सावळी होती, यज्ञवेदीतून निघाली तेव्हाच सावळी होती, आणि महाभारताला त्यात उणेपणा दिसत नाही; उलट ती अप्रतिम सुंदर आहे. गौर आणि कृष्ण ह्यांची नवी किंमत ठरविणाऱ्या काळात ही सावळी राजस्त्री दासीच्या वेषात रंगमंचावर उभी राहते आणि सत्ताधीश तिला आपली मालमत्ता समजतो, एवढ्यानेच प्रेक्षकाला काय कळावयाचे ते कळत असले पाहिजे.

येथवर हे विवेचन मी काही वर्षे वर्गात करीत आलो आहे. ‘कीचकवध’ हे वर्णगर्वाला दिलेले मराठी रंगभूमीचे उत्तर, असा त्याचा समारोप असे. दोन वर्षांपूर्वी तो समारोप अडला. कल्याण पूर्वेहून येणारी एक विद्यार्थिनी तास संपताना उठली आणि तिने विचारले, “सर, ती खरोखरीच दासी असती, तर हे नाटक झाले असते का?”

मी त्या वेळी जे उत्तर दिले ते आठवले की आजही संकोच वाटतो. पुराणकथेचा संकेत, रूपकाची मर्यादा, त्या काळाची दृष्टी, असे काहीसे मी बोललो. ती शांतपणे म्हणाली, “माझी आई डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करते. मी नाटक वाचताना तिला शोधत होते. सैरंध्री भेटली, पण सैरंध्री तर राणीच निघाली.” आणि खाली बसली.

हा आक्षेप वरवरचा नाही. मूळ विराटपर्व पुन्हा उघडून पाहिले तर तो अधिकच धारदार होतो. त्यात कीचक भरसभेत द्रौपदीस लाथ मारतो. ती जो आक्रोश करते त्यात केवळ स्त्रीवर झालेल्या अत्याचाराचे दुःख नाही. मी कोणाची स्नुषा, कोणाची पत्नी, आणि मला मारतो कोण, तर सूतपुत्र, हे दुःख त्यात आहे. कीचक सूतकुळातला आहे. म्हणजे मूळ कथेत अपमानाची तीव्रता दोन्हीकडून वाढविली आहे : जिचा अपमान झाला ती वाटते त्याहून वरची आहे आणि ज्याने तो केला तो दिसतो त्याहून खालचा आहे. अन्यायाचे माप येथे जन्माने घेतलेले आहे. आता ह्या कथेतून कर्झनच्या आनुवंशिक गुणांच्या सिद्धांताला उत्तर द्यावयाचे म्हटले तर ते उत्तर काय होते? जन्मावरून श्रेष्ठत्व ठरत नाही, असे ते होत नाही. जन्मावरून तुम्ही आम्हांला चुकीच्या जागी बसविले आहे, असे होते. आम्ही दास नव्हतो. वेष पालटलेले राजे आहोत.

हे उत्तर एकट्या खाडिलकरांचे नव्हे. ते त्या पिढीच्या प्रतिकाराच्या भाषेतच मुरलेले होते. आर्य ही इंग्रजांशी आपली समाईक कुळी आहे, तेव्हा भावाने भावाला दास समजू नये, हा युक्तिवाद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुशिक्षितांत सर्रास केला जात असे. नाताळातील हिंदी व्यापाऱ्यांच्या आरंभीच्या लढ्यातही हाच सूर आहे. दरबानच्या टपाल कचेरीत गोऱ्यांसाठी एक दार आणि हिंदी व आफ्रिकी लोकांसाठी मिळून दुसरे दार होते. १८९५ च्या सुमारास हिंदी लोकांच्या खटपटीने तेथे हिंद्यांसाठी तिसरे दार झाले. दारे एक करा ही मागणी नव्हती. आमचे दार वेगळे करा ही मागणी होती. हे सांगताना मला कोणाची निंदा करावयाची नाही. अपमान झालेला माणूस प्रथम आपली जागा सांगतो, जागांची रचना नंतर तपासतो.

तथापि ती रचना तपासणारी एक मराठी भाषा ह्याआधीच अस्तित्वात होती, आणि येथे शब्दांकडे वळणे भाग आहे.

पराधीनतेसाठी राष्ट्रीय चळवळीच्या मराठीने निवडलेला आवडता शब्द म्हणजे ‘दास्य’. ह्या शब्दाचा इतिहास दुटप्पी आहे. ऋग्वेदात दास म्हणजे शत्रू, परका. नंतर तो अंकित झाला, बटकीचा पोर झाला. आणि भक्तिमार्गात आल्यावर त्याच शब्दाला प्रतिष्ठा मिळून रामदास, सूरदास अशी नावे झाली. नवविधा भक्तीत दास्य ही सातवी पायरी, सख्याच्या अलीकडची. त्यामुळे दास्य ह्या शब्दात एक प्रकारचे गांभीर्य, एक सोवळेपणा आहे. दास्यात पडलेला माणूस पतित असला तरी कुलीन वाटतो. उलट ‘गुलाम’ हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द. मुळात त्याचा अर्थ मुलगा, पोऱ्या, मग चाकर, मग विकत घेतलेला माणूस. मराठीत त्याला देवघरात प्रवेश नाही. आणि ह्याहून खालचे, अगदी घरातले शब्द म्हणजे ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे, देण्याघेण्याचे उल्लेख ज्यांनी चाळले आहेत त्यांना हे शब्द कोणत्या वास्तवाचे आहेत ते सांगावयास नको. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या पाचव्या कायद्याने काढून घेतली गेली. म्हणजे ‘कीचकवध’ रंगमंचावर आले तेव्हा त्या गोष्टीला अवघी चौसष्ट वर्षे झाली होती. प्रेक्षकांतील वृद्धांनी बालपणी आपल्या घरी अशा बायका पाहिल्या असण्याचा पुरेपूर संभव आहे. ‘सैरंध्री’ ह्या शब्दाने जे साधले ते ‘बटीक’ ह्या शब्दाने साधले नसते. सैरंध्री म्हणजे महाभारतानुसारच परघरी राहून केशभूषादी कलांवर स्वतंत्रपणे उपजीविका करणारी स्त्री. ती दासी असून दासी नाही. सारे नाटक ह्या ‘असून नाही’वर उभे आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या ग्रंथाचे नाव ठेवताना ‘दास्य’ घेतले नाही, ‘गुलामगिरी’ घेतले. आणि तो ग्रंथ अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील लोकांस अर्पण केला. आपला प्रश्न आणि काळ्या माणसाचा प्रश्न एका जातीचा आहे, हे मराठीत इतक्या स्पष्टपणे मांडणारी अर्पणपत्रिका त्याआधीची मला ठाऊक नाही. आर्यांच्या समाईक कुळीचा अभिमान इतरांनी सांगितला, फुल्यांनी तीच कथा उलटी करून आर्यांना जुलमी आक्रमकांच्या बाकावर बसविले. हा इतिहास म्हणून आज टिकत नाही, हे खरे; पण वेष पालटलेल्या राजाची भूमिका घेण्यास साफ नकार देणारे ते मराठीतले पहिले मोठे लेखन आहे. आम्ही मुळात राजे होतो म्हणून आम्हांला सोडा, असे तेही क्वचित म्हणतात, बळिराजाची आठवण काढतात. परंतु त्या राजाचा मान पेरणी करणाऱ्याचा आहे, रत्नखचित सिंहासनाचा नाही. फुल्यांचा हा वारसा ठाण्याला अनोळखी नव्हता. १८८० पासून ‘दीनबंधु’ चालविणारे आणि मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचा जन्म ठाण्याचाच.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने येथे आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधले पाहिजे. अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिका ह्यांच्याविषयी लिहिताना मराठी वृत्तपत्रे ‘वर्णभेद’, ‘वर्णद्वेष’ हे शब्द वापरीत आली. ‘वर्ण’ म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातील वर्णही. इंग्रजीत दोन निराळ्या शब्दांत विभागलेली गोष्ट मराठीत एका शब्दात नांदते. ह्यामुळे कधी दूरचा अन्याय सोयीस्करपणे दूरच राहतो, कारण शब्दाचा रंगाचा अर्थ घेतला की घरचा अर्थ झाकला जातो. पण कधी तो झाकलेला अर्थ उसळून वरही येतो. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ ही संघटना निघाली, तिने आपले नाव अमेरिकेतील काळ्या तरुणांच्या संघटनेवरून घेतले. शंभर वर्षांपूर्वीची फुल्यांची अर्पणपत्रिका एका परीने तेथे पोचली.

मग ‘कीचकवध’ टाकाऊ ठरविावे काय? त्या विद्यार्थिनीचेही तसे म्हणणे नव्हते आणि माझेही नाही. वेषांतराच्या कथेत एक गोष्ट घडते जी सरळ उपदेशाने घडत नाही. चाकराला मालक कसा पाहतो हे, ज्याने जन्मात चाकरी केली नाही अशा प्रेक्षकास, काही काळ चाकराच्या जागेवरून पाहावे लागते. पुण्या-मुंबईच्या नाटकगृहात पुढल्या रांगेत बसणाऱ्या गृहस्थांना तो अनुभव त्या काळी अन्यत्र कोठे मिळणार होता? सरकारी कचेरीत त्याच्याशी जे वर्तन होई त्याचे नाव त्याला येथे कळले, हे सामर्थ्य नाकारता येत नाही. अडचण आहे ती पुढची. कीचक मेला की वेष उतरतो. प्रेक्षक पुन्हा आपल्या आसनावर येतो आणि घरी गेल्यावर पाणी आणून देणारी बाई त्याला सैरंध्री वाटत नाही. सरकारने बंदी घातली ती प्रेक्षकाच्या मनात पहिली गोष्ट घडण्याच्या भीतीने. दुसरी गोष्ट न घडण्याबद्दल कोणालाच काळजी वाटली नाही, ना सरकारला, ना नाट्यसमीक्षकांना, ना माझ्यासारख्या प्राध्यापकाला.

जॅक्सन ह्यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून हा विषय सोडवत नाही. संस्कृताच्या व्यासंगामुळे लोक त्यांना पंडित म्हणत. त्यांनी शाळाशिक्षकांकडून लोकसमजुती, देवदेवस्की, सणवार ह्यांची माहिती गोळा केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन ह्यांनी ती संपादून ‘फोक लोअर नोट्स’ ह्या नावाने प्रसिद्ध केली आणि त्याचा कोकणाचा खंड १९१५ मध्ये निघाला. ठाणे जिल्ह्याच्या लोकभाषेचा अभ्यास करताना तो खंड मला वारंवार उघडावा लागतो. उपयुक्त ग्रंथ आहे. ज्याची लोकभाषा आपण आस्थेने टिपतो त्याच्यावर राज्य करण्याचा आपला अधिकार मात्र स्वयंसिद्ध आहे, ही समजूत त्यातील कोणत्याही पानावर लिहिलेली नाही आणि प्रत्येक पानावर आहे. व्यंग्यार्थ नाटकांतच असतो असे नाही. कल्याण स्थानकावर नाशिककडचा आणि पुण्याकडचा असे दोन फाटे फुटतात. एका फाट्यावरून ते नाटक आले, दुसऱ्यावरून त्या गोळ्यांची बातमी आली, आणि दोहोंचा एकमेकांशी कार्यकारणभाव आहे असे सरकारने ठरविले. तो होता किंवा नव्हता ह्याविषयी उपलब्ध पुराव्यावरून छातीठोकपणे काही म्हणणे मला प्रशस्त वाटत नाही. नाटक पाहून माणूस पिस्तूल उचलतो, हे गृहीत धरणाऱ्यांनी त्या रात्री ‘शारदा’ चालू होते हे विसरू नये.

ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला तिने पुढे आपल्या निबंधासाठी फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक निवडले. ते १८५५ चे. म्हणजे ‘कीचकवधा’च्या बावन्न वर्षे आधीचे. कुणबी नवराबायकोला ज्योतिषी भट कसा नाडतो हे त्यात दाखविले आहे. त्यात कोणी वेष पालटलेला नाही; कुणबी शेवटपर्यंत कुणबीच राहतो आणि शाळेत जावयाचे ठरवितो. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले, कमिटीने ते नाकारले. त्यावर सरकारला बंदी घालावी लागली नाही, कारण त्याचा प्रयोगच झाला नाही. ते छापून आले १९७९ मध्ये.